अजून काही खाते का?

शकू फ्रिजवर बसायची सोडून ओट्यावर बसायला लागली, तेव्हा घरात सर्वांना बरंच वाटलं. फ्रिजवर बसून ती खालून जाणाऱ्याच्या टकलावर पंजा मारायची. घरात टक्कल एकच आहे, त्यामुळे ‘सर्वांना’ म्हणजे मुख्यतः मला. पुढे तिने ओटाही सोडला. मग बायकोला बरं वाटलं. ओट्यावरून टीपॉय, टीपॉयवरून खुर्ची, खुर्चीवरून पायपुसणं. दोन वर्षांत ती एवढ्या पायऱ्या खाली आली. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली आहेत. तिथे एखादा माणूस इतक्या वेगाने खाली येऊ लागला तर वरून चौकशीला साहेब येतो. इथे चौकशी कुणी केली नाही. बायको म्हणाली, शहाणी झाली. आई म्हणाली, "वय झालं की सगळेच जमिनीवर येतात." आईचं वय 84. तिच्या बोलण्याला दुजोरा द्यायची आमच्या घरात पद्धत आहे, तो आम्ही दिला.

शकूचं पूर्ण नाव शकुंतला. 2012च्या जुलैत डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या टाकीमागे हे मुठीएवढं पिल्लू सापडलं, तेव्हा चार कावळे त्याला घेरून बसले होते. आई त्या काळात नेमाने कीर्तनाला जायची. रानात पक्ष्यांनी सांभाळली म्हणून कण्वमुनींनी नाव ठेवलं शकुंतला, तर हीदेखील शकुंतलाच, असा तिने निकाल दिला. आमचे पक्षी सांभाळत नव्हते, टोचत होते, हा तपशील तिने गाळला. शकू मात्र तो विसरली नाही. गेली तेरा वर्षं खिडकीत कावळा दिसला की ती दात कचकचवून त्याच्याशी जे बोलते, ते कीर्तनात सांगण्यासारखं नसतं.

तर ही शकू जमिनीवर आली, तिची नखं फरशीवर टकटक वाजू लागली, पाठीवरच्या केसांच्या बैराग्यासारख्या जटा झाल्या, आणि तरी आम्ही तिला शहाणीच म्हणत होतो. मग एके सकाळी तिने आपला विधी वाळूच्या डब्यात न उरकता डब्याशेजारी, माझ्या वहाणेत उरकला. त्याच दिवशी अकरा वाजता आम्ही डॉक्टरांकडे होतो.

डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची मुलगी. तिने शकूला टेबलावर ठेवलं, मागचे पाय हळूच ताणून पाहिले, कोपरं दाबून पाहिली. मांजराला कोपर असतं हे मला त्या दिवशी कळलं. एक्स-रे झाला. "काका, ही शहाणी वगैरे झालेली नाही. सांधे धरलेत. दोन्ही कोपरं आणि खुबे."

"मग ओरडत कशी नाही?" बायकोने विचारलं.

"मांजर दुखणं लपवतं. रानात जो लंगडला तो दुसऱ्याच्या ताटात गेला, म्हणून."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या घरात दुखणं लपवण्याची परंपरा नाही. आईचे गुडघे सकाळी सहाला अंथरुणातून पहिलं निवेदन देतात, माझी कंबर सातच्या सुमारास त्याला अनुमोदन देते, आणि बायकोच्या खांद्याची बातमी पोळ्या लाटताना येते. इतक्या गोंगाटात शकूचं न बोलणं कुणाच्या कानावर जाणार?

डॉक्टर म्हणाली, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अमेरिकेत बारा वर्षांपुढच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले, त्याचा लेख 2002 साली आला, आणि त्यातल्या 90 मांजरांच्या सांध्यांमध्ये झीज निघाली. मग तिने शकूला काट्यावर ठेवलं. 6 किलो 200 ग्रॅम. तिच्या चणीला साडेचार पुरे होते. मी बँकेतला माणूस, व्यस्त प्रमाण सोडून कुठल्याही प्रमाणाचा हिशेब उभ्या उभ्या करतो. 65 किलोच्या माणसाने पाठीवर 25 किलोचं तांदळाचं पोतं घेऊन जिने चढावेत, तसं हे झालं. अशा माणसाने फ्रिजवर उडी मारली नाही तर तो शहाणाच म्हणायचा.

"दुखण्यावर थेंब देते, तेही मोजून, कारण या वयात मूत्रपिंडांची काळजी घ्यावी लागते," डॉक्टर म्हणाली. "पण खरं औषध खाण्यात आहे. काय काय खाते?"

"पाकिटातलं खाणं," मी म्हणालो.

"अजून काही खाते का?"

"छे!" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. लग्नाला अडतीस वर्षं झाली, इतकं एकमत क्वचितच झालं असेल.

घरी येईपर्यंत बातमी इमारतीत पोहोचली होती. संधिवात हा असा आजार आहे की मराठी माणसाला त्यावरचं औषध माहीत नाही असं होतच नाही. आपल्या मुलाने कुठल्या शाखेला जावं हे सांगताना जो एखादा संकोच वाटतो, तोही इथे वाटत नाही. आईने पहिल्याच संध्याकाळी डिंकाचे लाडू सुचवले. तिच्या बाळंतपणापासून ते माझ्या मोडलेल्या हातापर्यंत आमच्या घराण्यातलं प्रत्येक हाड डिंकाने जोडलेलं आहे. लाडवाचा कण शकूसमोर ठेवला. तिने हुंगला, आणि त्यावर माती लोटल्यासारखा पंजा फरशीवर ओढला. नंतर वाचून कळलं की तिचा दोष नाही. गोड चव ओळखायला जिभेवर जी यंत्रणा लागते, तिचं एक जनुक मांजरांमध्ये बिघडलेलंच असतं. हे 2005 साली शोधून काढलं गेलं. मांजराला गोड कळतच नाही. तेरा वर्षं प्रत्येक गणपतीत हिच्यासमोर आम्ही मोदकाचा तुकडा ठेवत होतो आणि ती तो खात होती ते केवळ वर घातलेल्या तुपासाठी, हे कळल्यावर आई दुखावली. "देवाचा प्रसाद म्हणून तरी खात असेल," ती म्हणाली.

समोरच्या काकूंनी हळदीचं दूध आणलं. डॉक्टरला फोन केला. मोठ्या मांजराला दूध नीट पचत नाही, पोट बिघडतं, आणि मांजराचं यकृत बऱ्याच गोष्टींच्या बाबतीत आपल्या यकृतापेक्षा हळवं असतं, तेव्हा घरगुती प्रयोग नकोत, असं उत्तर आलं. तोवर शकूने वरची साय खाल्ली होती आणि तिच्या मिशा पिवळ्या झाल्या होत्या. दोन दिवस ती खंडोबाहून आल्यासारखी दिसत होती.

मेव्हण्याने जवस सुचवला. तो रिटायर झाल्यापासून जगातला प्रत्येक प्रश्न ओमेगा-3वर आणून सोडतो. जवसात ओमेगा-3 असतं हे खरं, पण ते वनस्पतीच्या जातीचं. त्याचं माशाच्या जातीत रूपांतर करायचा कारखाना माणसात रडतखडत चालतो आणि मांजरात जवळजवळ बंदच असतो. शिवाय त्याने आणलेल्या जवसाच्या चटणीत लसूण होता, आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चातुर्मासात वर्ज्य मानलेलं काही शास्त्रालाही वर्ज्य निघालं म्हणून आई त्या दिवशी फार प्रसन्न होती.

एकादशी आली तेव्हा ती म्हणाली, "दोन दिवस उपास घडू दे तिला, आपोआप हलकी होईल." हे मात्र मला पटलं होतं. खर्च नाही, कष्ट नाहीत. पण डॉक्टर फोनवर ओरडलीच. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी धावत यकृतात येऊन बसते, यकृत बंद पडतं आणि मांजर दगावतं. वजन उतरवायचं ते आठवड्याला शेकडा एक या बेताने. म्हणजे शकूचे आठवड्याला 60 ग्रॅम. मी गुणाकार केला: साडेचारवर यायला साधारण साडेसहा महिने. कर्ज फेडायला इतकी सोपी मुदत मी कुणाला दिली नव्हती.

वॉचमनने कलेजी सांगितली, ताकद येते म्हणून. कलेजीची गंमत अशी की ती लाडाने रोज रोज घातली तर तिच्यातलं अ जीवनसत्त्व साचत जातं आणि मांजराच्या मानेचे मणके एकमेकांना सांधले जातात. सांध्यांसाठी सुरू केलेलं खाणं सांधेच शिल्लक ठेवत नाही. आणि कुणीतरी, नाव सांगत नाही कारण तो मीच होतो, क्रोसिनचा पाव तुकडा देऊ का असं विचारलं. डॉक्टरने एक क्षण श्वास घेतला. "काका, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. तुमच्या घरात औषधाचा डबा कुठे असतो? तो उचला."

मग तिने विचारलं, शकू झोपते कुठे. आईच्या मांडीवर, गुडघ्यांशी. आणि गुडघ्यांना काय लावता? डायक्लोफिनॅकचं मलम. मांजर ते चाटून पोटात घेऊ शकतं, म्हणून तेही बंद. हेच औषध गुरांना टोचत, मग ती गुरं खाऊन आपल्याकडची गिधाडं पटापट मेली, आणि 2006 साली सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. हे ऐकून आईने मलमाच्या ट्यूबकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला ओळखीची होती. माझ्या धाकट्या आत्याकडे ती तशी पाहते. "गिधाडं मारणारं औषध मी गेली आठ वर्षं चोळतेय आणि तू बोलला नाहीस," असं ती म्हणाली, आणि त्या रात्रीपासून गुडघ्यांना तिळाचं तेल आलं. शकूची जागा राहिली.

उरलं काय, तर मासे. आणि आमचं घर सात पिढ्या शाकाहारी.

मला वाटलं होतं आई अन्नपाणी सोडेल. पण ती म्हणाली, "औषधाला सोवळं-ओवळं नसतं. गॅलरीत शिजव. भांडं वेगळं. आणि मला वर्णन नको." लगेच इंडक्शनची शेगडी गॅलरीत गेली.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा मासळी बाजारात गेलो. डॉक्टरने तारली नाही तर बांगडा सांगितला होता. हे तेलकट मासे, सांध्यांची सूज कमी करणारी चरबी यांच्यात असते. माझ्या समजुतीप्रमाणे मासा एकच असतो, लहान किंवा मोठा. कोळीण म्हणाली, "किती माणसं घरात?"

"एक मांजर."

तिने माझ्याकडे, मग पिशवीकडे पाहिलं. पिशवी दाते पंचांगाची भेट मिळालेली होती. "मांजराला डोकी नेतात लोक. तारली माणसं खातात."

"तिला संधिवात आहे."

यावर तिने भाव कमी केला नाही, पण दोन तारल्या जास्त टाकल्या. "माझ्यापण गुडघ्यांचा तोच वांदा आहे," ती म्हणाली. पाठ वळवतो तर समोर तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांच्या दारावर ‘कांदा-लसूण विरहित’ पद्धतीच्या मासिक सत्संगाची पाटी असते. हातात पिशवी, पिशवीतून पापलेटचं शेपूट. दोघांनी एकदम शेजारच्या अंडीवाल्याकडे पाहिलं. "मांजरासाठी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हो. "मीपण," ते म्हणाले. त्यांच्याकडे मांजर नाही.

तारली मिठाशिवाय उकडायची, काटे काढायचे, आणि तीही आठवड्यातून दोनदा, चवीपुरती. मला वाटलं होतं, मासाच औषध असेल तर मासाच घालू. तसंही नाही. नुसतेच तेलकट मासे खात राहिलं तर मांजराला ई जीवनसत्त्व कमी पडतं आणि अंगातली चरबी सुजून दुखू लागते. कच्चे घातले तर काही माशांत ब-1 जीवनसत्त्व तोडणारा पदार्थ असतो. शिवाय मांजराला टॉरिन लागतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय जातं. म्हणून मुख्य जेवण सांध्यांसाठी मुद्दाम बनवलेल्या पाकिटातलं, त्यात सगळं तोलून घातलेलं असतं. त्या पाकिटाचा किलोचा भाव मी काढला, आणि अजून घरात कुणाला सांगितलेला नाही. बायकोला वाटतं ते पाकीट महिन्याचं आहे म्हणून महाग आहे. ते बारा दिवसांचं आहे.

पाकिटाबरोबर डॉक्टरने सांध्यांची एक पूड लिहून दिली होती, ग्लुकोसामाईन नावाची. खाण्यावर भुरभुरायची. "याचा फार भरवसा मी देत नाही," ती म्हणाली होती, "पण नुकसान नाही." मला डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायची सवय आहे, छत्तीस वर्षं तेच केलं. डब्यावर लिहिलं होतं: कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून. वा, मी म्हटलं, म्हणजे हाही बाजारच. आणि मग ‘ग्लुकोसामाईन’ हा शब्द आपण कुठेतरी रोज पाहतो असं वाटायला लागलं. कुठे? आईच्या गोळ्यांच्या डब्यात. सकाळी एक, रात्री एक, गेली सहा वर्षं, देवाला नैवेद्य दाखवून झाल्यावर.

मी बाटली घेऊन संडासात गेलो आणि कडी लावून वाचली. कोळंबीच. शिवाय दुसरा एक घटक होता कॉन्ड्रॉइटिन, तो जनावरांच्या कूर्चेतून काढतात. कुठल्या जनावराच्या, ते मी पुढे वाचलं नाही. काही वाचनं मध्येच सोडावीत.

आता प्रश्न आला सांगायचं का. आई स्वतःच म्हणाली होती, औषधाला सोवळं नसतं. पण ते मांजराच्या बाबतीत. आणखी खोदलं तर निघालं की माँट्रियालच्या संशोधकांनी 2022 साली जुन्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात ओमेगा-3 उपयोगी ठरलं आणि ग्लुकोसामाईन-कॉन्ड्रॉइटिनची जोडी नापास झाली. म्हणजे सहा वर्षांत धर्म गेला तो गेला, गुडघेही आहेत तिथेच. पण त्या तपासणीत कुत्री होती, मांजरं होती, आया नव्हत्या. या एका मुद्द्याचा आधार घेऊन मी बाटली होती तिथे ठेवली. संध्याकाळी आईने चष्मा नाही म्हणून मलाच विचारलं, "काय रे लिहिलंय यावर?"

"गुडघ्यांना चांगलं."

"ते मला माहितीये."

दर रविवारी शकूचं वजन करायचं ठरलं. घरातला काटा माणसांचा. त्यावर मी शकूला घेऊन उभं राहायचं, मग शकूशिवाय, आणि वजाबाकी करायची. यात माझं वजन दर रविवारी मोठ्याने जाहीर व्हायचं आणि चर्चा भलतीकडे वळायची. म्हणून मी रद्दीवाल्याला वर बोलावलं. त्याच्या टांगत्या काट्याला पिशवी अडकवून शकूला आत बसवलं. काटा चार किलो तीनशेवर थांबला. एका आठवड्यात दोन किलो! बायकोने देवाला साखर ठेवली. मग मला आठवलं की याच काट्यावर माझी पंधरा वर्षांची दिवाळी अंकांची थप्पी अकरा किलो भरली होती. शकूच काय, आमच्या इमारतीतला कुठलाही लठ्ठ इसम त्या काट्यावर सडपातळ निघेल.

दवाखान्याच्या काट्यावर सहा आठवड्यांनी आकडा आला 6 किलो 250. वाढलं होतं. मी रोज पाकिटातलं खाणं सोन्यासारखं तोलून देत होतो. डॉक्टरने शांतपणे विचारलं, "काका, अजून काही खाते का?"

"छे!" मी म्हणालो. या वेळी एकट्यानेच. बायको दाराबाहेर बघत होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी सभा बोलावली. आरोप नाही, फक्त माहिती. पहिली बायको बोलली. दुधावरची साय, बोटावर घेऊन, सकाळी. एकच बोट. मग आई. ती जेवायला बसली की शकू ताटाजवळ येऊन नुसती बघते, मागत नाही, नुसती बघते, आणि अशा बघणाऱ्या जिवाला तूपभाताचा घास न देता स्वतः खाल्ला तर तो घशाखाली उतरेल का? कामाला येणाऱ्या मंगलबाई दुसऱ्या दिवशी भांडी घासताना न विचारता बोलल्या: त्यांच्या डब्यातली सुकट, चिमूटभर, कारण "तुमच्यात बिचारीला कोण घालणार?" आणि शेवटी मी. रात्री दहाच्या बातम्यांना पनीर. दोन चौकोनी तुकडे. एक मला, एक तिला, आणि बातमी वाईट असली तर आणखी एक तिला.

मी कागद घेतला. शकूचा दिवसाचा हिशेब दोनशेच्या आतबाहेर उष्मांकांचा. तीस ग्रॅम पनीरच नव्वदीला जातं. साय, तूपभात, सुकट धरून बेरीज केली तर आम्ही चौघं मिळून आणखी एक पूर्ण मांजर पोसत होतो, आणि ते याच मांजराच्या आत राहत होतं.

रागावणार कुणावर? आमच्या लोकांना माया करायची दुसरी रीतच माहीत नाही. मुलगी आइंडहोवनहून फोन करते तर आई तिची तब्येत, नोकरी, हवा काही विचारत नाही. "जेवलीस का?" एवढंच विचारते, आणि उत्तर ‘हो’ आलं तरी पुढे "काय?" असतंच. त्याच मुलीने सांगितलं की तिकडे 2021 पासून मांजराच्या सांधेदुखीवर महिन्याला एक इंजेक्शन निघालंय. आई म्हणाली, "आणि ते खायला काय देतात?"

तेव्हा तोडगा असा निघाला: घालायचं सगळ्यांनी, पण तोललेल्यातलं. सकाळी मी दिवसाचं खाणं चार वाट्यांत वाटतो. एक बायकोची, एक आईची, एक मंगलबाईंची, एक माझी. ज्याने त्याने आपल्या वाटीतलं आपल्या हाताने, आपल्या वेळी द्यायचं. डॉक्टर म्हणाली हे तर उत्तमच, थोडं थोडं खाणं मांजराच्या स्वभावातच आहे. नव्या खाण्याला शकूने आधी नाक मुरडलं होतंच. जुन्यात नवं मिसळत, प्रमाण वाढवत आठ-दहा दिवस गेले, किंचित कोमट करून दिलं की वास सुटतो आणि मग खाते. मंगलबाई मात्र अजून वाटी हातात घेतात तेव्हा त्यांचा चेहरा देवळात प्लॅस्टिकची फुलं वाहणाऱ्या माणसासारखा होतो.

घराची मांडणीही बदलली. मान वाकवायला नको म्हणून तिची थाळी उलट्या डब्यावर आली. वाळूच्या डब्याची कड उंच, पाय टाकताना दुखतं, म्हणून बुटक्या काठाचं काहीतरी हवं होतं. घरात तसं एकच भांडं निघालं: लग्नात मिळालेली मोठी परात. त्या परातीचं पुढे काय झालं हे बायकोच्या माहेरी कळू नये अशी व्यवस्था आहे. आणि माळ्यावरून शिसवी पाट खाली आले. पंगती उठून तीस वर्षं झाली, पाट मात्र ठेवलेले. एकावर एक, दोन, तीन, चार असे रचून मी खिडकीपर्यंत जिना केला. दोन महिने तिने त्याकडे पाहिलं नाही. पहिल्या पाटावर फक्त बसायची, आता वाढा असं म्हणणाऱ्या पाहुण्यासारखी.

एप्रिलपासून काटा उतरायला लागला. दवाखान्याचा, रद्दीवाल्याचा नव्हे. जटा कापून काढल्या होत्या तिथे ती पुन्हा मान वळवून चाटू लागली. जून-जुलैत समुद्रावर मासेमारी बंद असते, तेव्हा तारलीऐवजी डॉक्टरने ठरवून दिलेलं माशाच्या तेलाची कॅप्सूल टोचून घालायचो. मग श्रावण आला. मासे पुन्हा आले तेव्हा आमच्या इमारतीतले एरवीची गिऱ्हाइकं श्रावण पाळत होती, त्यामुळे बाजारात माझ्यासारखा मान असलेला माणूस नव्हता. कोळीण लांबून हाक मारायची, "संधिवात, इकडे या!" ऑगस्टअखेर शकू 5 किलो 200 भरली. पाट दुसरा, पाट तिसरा. डॉक्टरने फोटो काढून ठेवला.

पितृपक्षात वडिलांची तिथी असते. आई अजून स्वतः उभं राहून खीर करते, वडे करते, आणि कावळ्यासाठी पान वाढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते. खीर, भात, त्यावर साय घातलेलं दही, वडा. मागची काही वर्षं आमच्याकडे कावळा लवकर शिवत नाही. आई तासतास हात जोडून उभी असते, गुडघे दुखत असतात, आणि "काय राहिलं यांचं?" असं पुटपुटत असते. मी मनात वडिलांच्या न फिटलेल्या इच्छांची यादी काढतो. ती एकाच इच्छेशी येऊन थांबते, मी इंजिनिअर व्हावं. त्याला आता इलाज नाही.

या वर्षी आई पान ठेवून हात धुवायला आत गेली आणि परत येते तो पान अर्धं रिकामं. दही संपलं, खिरीची वाटी चाटूनपुसून लख्ख. आईने पदर डोळ्यांना लावला. "या वेळी लगेच आले रे. तृप्त झाले." समोरच्या विजेच्या तारेवर दोन कावळे बसले होते. आमच्या खिडकीकडे पाहून ते ज्या आवाजात बोलत होते, त्या आवाजात तृप्ती मला ऐकू आली नाही.

चौथ्या पाटावर एक भाताचं शीत होतं. जिन्याच्या पायथ्याशी शकू बसली होती, पुढचा पंजा चाटत, डोळे मिटून. तेरा वर्षांपूर्वीचा हिशेब चुकता केल्यासारखी. मी शीत उचललं आणि खिशात टाकलं.

पुढे सर्वपित्रीपर्यंत आई रोजच कट्ट्यावर घास ठेवू लागली, आता येतायत तर येऊ देत म्हणून. आले. एकही दिवस चुकले नाहीत.

त्यानंतरच्या तपासणीला काटा 5 किलो 350वर थांबला. डॉक्टरने कोपरं हलवून पाहिली, खुबे पाहिले, आणि सांधे कितीतरी मोकळे झालेत म्हणाली. मग पुन्हा काट्याकडे पाहिलं. "चढायला लागलीये का कुठे?"

"खिडकीपर्यंत," मी म्हणालो. "चारही पाट."

"छान! पण मग वजन? काका, खरं सांगा, अजून काही खाते का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आई या वेळी हट्टाने बरोबर आली होती, ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, पर्समध्ये दुपारची गोळी. मी डॉक्टरजवळ सरकलो आणि आवाज जमेल तितका खाली आणून म्हणालो,

"वडिलांच्या वाट्याचं."